देवनागरी ओळीची रुंदी : खिळा, पाऊल आणि पिक्सेल

नाशिक रोड येथील करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटांची छपाई होत आली आहे. नोटेच्या मागील बाजूस एका उभ्या चौकटीत पंधरा भाषांतून तिचे मूल्य लिहिलेले असते. भाषांचा क्रम त्यांच्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने लावलेला असल्यामुळे मराठीची ओळ आठवी येते. कोकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत या चार ओळी देवनागरीत आहेत. शंभराच्या नोटेवरील 'शंभर रुपये' आणि 'शतं रूप्यकाणि' या दोन ओळी एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर एकाच लिपीत, एकाच अर्थाच्या मजकुराला किती भिन्न जागा लागू शकते हे सहज ध्यानात येते. चौकट मात्र सर्वांना एकच. येथे रेखाटन करणाऱ्यास गणित करावे लागत नाही. मजकूर ठरलेला असतो, तो एकदाच डोळ्याने जुळवून रेखाटला जातो आणि ठशात कायम होतो.

याच नोटांच्या इतिहासातील एक लहानसा प्रसंग या विषयाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९५३ मध्ये नोटांवर हिंदीला ठळक स्थान देण्यात आले, तेव्हा 'रुपया' या शब्दाचे अनेकवचन कोणते लिहावे असा वाद निघाला आणि तो 'रुपये' या रूपाच्या बाजूने मिटला. वाद व्याकरणाचा होता. परंतु त्याला मोजमापाचीही एक बाजू आहे. 'रुपया' आणि 'रुपये' या दोन्ही शब्दांत लेखनचिन्हे प्रत्येकी पाचच आहेत : तीन व्यंजने आणि दोन स्वरचिन्हे. तरीही पहिला शब्द दुसऱ्यापेक्षा रुंद आहे, कारण काना स्वतःची जागा घेऊन उभा राहतो आणि मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसते. चिन्हांची संख्या सारखी असूनही रुंदी सारखी नसते, ही गोष्ट देवनागरी लिहिणाऱ्या प्रत्येकास हाताने ठाऊक आहे. यंत्राला ती पटवून देण्यास मात्र पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्या काळात अनेकदा यंत्राने जुळवून घेण्याऐवजी लिपीनेच जुळवून घ्यावे असा आग्रह धरला गेला. हा आग्रह कोठून आला आणि तो पुढे निराधार कसा ठरला, हे रुंदीच्या प्रश्नाकडे पाहिल्यास जितके स्पष्ट होते तितके अन्य मार्गाने होत नाही.

मराठी मुद्रणाच्या आरंभकाळी हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात होता. श्रीरामपूर येथे विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते मात्र शिळाछापावर. शिळाछापात लेखक दगडावर उतरविण्यासाठी हातानेच लिहितो. म्हणून ओळ कोठे संपवावयाची, अक्षर किती दाटावयाचे, हा निर्णय बोरूच्या टोकाशीच होतो. मोजमाप आणि लेखन ही दोन कामे तेथे वेगळी झालेलीच नसतात. खिळ्यांच्या छपाईत ती वेगळी झाली. अमेरिकन मिशन प्रेससाठी टॉमस ग्रॅहॅम यांनी पाडलेले ठसे आणि पुढे जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये सुरू केलेली ओतशाळा व १८६९ चा निर्णयसागर छापखाना यांच्यामुळे मुंबईचा देवनागरी खिळा जो नावारूपास आला, त्यात प्रत्येक खिळ्याची रुंदी ही धातूत ओतलेली वस्तुस्थिती होती. जुळारी स्टिकमध्ये खिळे लावीत जाई. ओळ भरली की भरली. रुंदी मोजावी लागत नव्हती, ती हाताला लागत होती.

परंतु त्यासाठी किंमत द्यावी लागत असे, ती खिळ्यांच्या संख्येची. अक्षर आणि त्यावरील अथवा त्याखालील स्वरचिन्ह एकाच खिळ्यावर ओतावयाचे ठरविले, तर प्रत्येक व्यंजनाच्या कित्येक प्रती लागतात; त्यांत जोडाक्षरे मिळविली की संच शेकड्यांच्या घरात जातो. स्वरचिन्हे वेगळी ओतून अक्षराच्या वर व खाली निराळ्या थरांत बसवावयाची, ही डिग्री पद्धती म्हणून ओळखली जाणारी रीत स्वीकारली तर खिळ्यांची संख्या घटते, पण एका ओळीसाठी तीन थर जुळवावे लागतात आणि वरच्या थरातील मात्रा खालच्या अक्षराच्या नेमक्या माथ्यावर यावी म्हणून मधल्या रिकाम्या जागा भरणीच्या तुकड्यांनी भरून काढाव्या लागतात. या दुसऱ्या रीतीत, एका अर्थी, मात्रेला स्वतःची रुंदी प्रथमच मिळाली. तीही अशी, की ती ओळीच्या एकूण लांबीत धरावयाची नसते.

येथे शिरोरेषेचाही उल्लेख करणे अवश्य आहे. रोमन मजकुरात ओळ दोन्ही समासांना भिडविण्यासाठी अक्षराअक्षरांमध्ये किंचित फट सोडता येते. देवनागरीत तशी फट सोडली की शिरोरेषा तुटते. म्हणून ओळीतील उरलेली सर्व जागा शब्दांमधील मोकळ्या जागांवरच वाटावी लागते, आणि मराठीसारख्या प्रत्यय जोडून लिहिणाऱ्या भाषेत शब्द लांब असल्यामुळे ओळीत असल्या जागा थोड्याच असतात. रुंदीचा अंदाज चुकला, तर रोमन ओळ थोडी सैल दिसते. मराठी ओळीत मोठी खिंडारे पडतात. देवनागरीला अचूक मोजमापाची गरज रोमनपेक्षा अधिक होती, आणि ते करणे कठीणही अधिक होते.

मोजमाप यंत्राकडे गेले ते मोनोटाइप व लायनोटाइप या जुळणीयंत्रांबरोबर. मोनोटाइपमध्ये एक एम रुंदीचे अठरा घटक कल्पिलेले असून प्रत्येक अक्षराला ठरावीक घटक दिलेले असतात. कळ दाबली जाताच ते घटक बेरजेत मिळविले जातात आणि ओळीत किती जागा उरली हे यंत्रच दाखविते. रुंदी ही बेरीज आहे, ही कल्पना येथे प्रथम यंत्रात बसली. लायनोटाइपच्या नेहमीच्या पेटीत साच्यांसाठी नव्वद मार्ग असत. हरि गोविंद गोविल यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत मर्गेन्थेलर कंपनीबरोबर लायनोटाइपची देवनागरी सिद्ध केली, तेव्हा शेकडो रूपांची लिपी या अरुंद पेटीत कशी सामावावयाची हाच मुख्य प्रश्न होता.

हीच काटछाट महाराष्ट्रात दुसऱ्या बाजूने चालू होती. १९०४ च्या सुमारास लोकमान्य टिळकांनी 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचे काम हाती घेतले व ती सुमारे १९० वर आणण्यात आली. नाशिकजवळच्या भगूर येथे १८८३ मध्ये जन्मलेले विनायक दामोदर सावरकर यांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिपिशुद्धीची चळवळ चालविली, आणि इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही स्वतंत्र अक्षरे काढून टाकून 'अ'लाच वेलांटी, उकार व मात्रा जोडून 'अ'ची बाराखडी लिहावी असे प्रतिपादन केले. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाने नेमलेल्या लिपिसुधार समितीत काका कालेलकरांनीही याच दिशेने विचार केला. या सुधारणांमागे राष्ट्रीय एकलिपीचा विचार होता, शिक्षणसौकर्याचा होता, आणि यंत्राचाही होता. त्यांचे मूल्यमापन बहुधा खिळ्यांच्या संख्येवरून झाले आहे. रुंदीच्या दृष्टीने पाहिल्यास चित्र निराळे दिसते. 'इ' हे अरुंद अक्षर आहे. 'अि' हे वेलांटीचा दंड आणि 'अ'चा रुंद देह मिळून त्याहून पुष्कळ मोठे होते. पेटीतील घरे वाचली ती ओळीतील जागा खर्च करून. सुधारकांनी घरे मोजली, ओळ मोजली नाही, असे म्हटल्यास अन्याय होणार नाही. त्या काळी घरांचाच तुटवडा होता.

१९५३ च्या नोव्हेंबरात लखनौ येथे भरलेल्या परिषदेने यापुढचे पाऊल टाकले. ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी न लिहिता दीर्घ वेलांटीप्रमाणे उजवीकडे लिहावी आणि फरकासाठी तिचा दंड आखूड ठेवावा, असा तो निर्णय होता. वेलांटी हे देवनागरीतील एक चमत्कारिक चिन्ह आहे : ते उच्चारात व्यंजनानंतर येते, लेखनात व्यंजनाआधी. डावीकडून उजवीकडे एकेक पाऊल सरकणाऱ्या यंत्राला हा क्रमभंग सोसत नाही. परिषदेने यंत्राची अडचण लिपीच्या अंगावर घेतली. वाचकांनी ते रूप स्वीकारले नाही आणि १९५७ मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. यंत्राच्या सोयीसाठी घडलेल्या या प्रयोगाचे अपयश पुढे संगणकाच्या काळात उपकारक ठरले. वेलांटी तिच्या मूळ जागी राहिली म्हणूनच तिच्या क्रमाचा प्रश्न कधीतरी नीट सोडविणे भाग पडले.

टंकलेखन यंत्राने रुंदीच्या प्रश्नाला जे उत्तर दिले ते सर्वांत ठोकळ होते. प्रत्येक कळीमागे गाडी एकच पाऊल सरकते. म्हणून प्रत्येक चिन्हाची रुंदी एक पाऊल. अनेक अक्षरे अर्ध्या रूपाला काना जोडून पुरी होत असल्यामुळे काही अक्षरांस दोन पावले लागत व काहींस एक. मात्रा, अनुस्वार, उकार यांसाठी न सरकणाऱ्या कळा होत्या : ठसा उमटतो, गाडी हलत नाही. शून्य रुंदीचे चिन्ह ही कल्पना संगणकाची मानण्याचा प्रघात आहे. पण शासकीय कचेऱ्यांतील मराठी टंकलेखकांच्या बोटांना ती त्याआधीच सरावाची झाली होती. या यंत्रावर ओळीची लांबी काढण्यास बेरीजही नको. सरकणाऱ्या कळा मोजल्या की काम झाले.

बेसिक ही संगणकभाषा याच समजुतीच्या जगात जन्मास आली. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि टॉमस कुर्ट्झ यांनी ती सिद्ध केली व १ मे १९६४ रोजी तिचा पहिला कार्यक्रम चालला. तिचे उत्तर कागदावर उमटे ते दूरटंकयंत्राने, म्हणजे पुन्हा समान पावलांच्या यंत्राने. छपाईच्या आज्ञेत स्वल्पविराम दिला की यंत्र पंधरा घरांच्या पुढील विभागात जाऊन थांबे. पुढे भाषेत अक्षरमाला आल्या, तेव्हा त्यांची लांबी सांगणारी 'लेन' ही क्रिया आली. आणि घर एकच मापाचे असल्यामुळे लांबी म्हणजेच रुंदी हा समज कोणास खटकण्याचे कारण नव्हते. पडद्यावरील संगणकांतही तो टिकला. भारतात १९८४-८५ मध्ये शाळांसाठी सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पात बी.बी.सी. मायक्रो हे यंत्र देण्यात आले. त्याचे प्रत्येक अक्षर आठ आडवे व आठ उभे अशा चौसष्ट ठिपक्यांच्या जाळीत बसविलेले असे. सहाशे चाळीस ठिपक्यांच्या ओळीत ऐंशी अक्षरे. रुंदी हवी असल्यास 'लेन'ला आठाने गुणावे. या यंत्रावर अक्षराचे रूप नव्याने आखण्याची सोय होती, त्यामुळे एखाद्याने 'क' वा 'म' आखला असता तो उमटलाही असता. परंतु 'क्ष्म' आठ ठिपक्यांत मावत नाही, आणि मात्रेसाठी अक्षराच्या डोक्यावर ठिपके उरत नाहीत. जाळी रोमनच्या मापाची होती.

यानंतरच्या दशकात दोन प्रवाह समांतर चालले. पहिला प्रवाह संकेतनाचा. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेले काम पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले व त्यातून जिस्ट तंत्र पुढे गेले. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे संकेतन १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरूनच घेतलेली होती. या संकेतनाचे मूलतत्त्व असे, की अक्षराचे दृश्य रूप साठवावयाचे नाही, उच्चाराचा क्रम साठवावयाचा. 'शि' म्हणजे आधी 'श', मग वेलांटी. जोडाक्षर म्हणजे व्यंजन, हलन्त, व्यंजन.

दुसरा प्रवाह छापखान्यांचा व कचेऱ्यांचा होता. १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आले आणि पुढल्याच वर्षी विंडोजमध्ये ट्रूटाइप फाँट आले. व्हिज्युअल बेसिकमध्ये 'टेक्स्टविड्थ' नावाची क्रिया आहे. तिला मजकूर दिला की निवडलेल्या फाँटमध्ये त्याची रुंदी ती सांगते. मूळ माप ट्विपमध्ये, म्हणजे इंचाच्या १४४० व्या भागात असते. इंचाला ९६ ठिपके धरल्यास पंधरा ट्विपांचा एक पिक्सेल होतो. महाराष्ट्रात त्या काळी श्रीलिपी, आकृती यांसारखे फाँटसंच रूढ होते. त्यांत देवनागरीचे तुकडे, म्हणजे अर्धी अक्षरे, काने, मात्रा, रफार, इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या दोनशेच्या आसपास घरांत बसविलेले असत. वस्तुतः ती टिळकांच्या संचाची व टंकलेखन यंत्राची पेटी संगणकात आली होती. 'नाशिक' हा शब्द तेथे न, काना, वेलांटी, श, क अशा दृश्य क्रमाने साठविला जाई. मात्रेची रुंदी शून्य ठेवलेली, बाकी प्रत्येक तुकड्याची स्वतःची. 'टेक्स्टविड्थ' या तुकड्यांची बेरीज करी आणि ती बिनचूक येई.

या व्यवस्थेची उपेक्षा करणे आज सोपे आहे. तिच्यात साठविलेला मजकूर वर्णानुक्रमाने लावता येत नसे, शोधता येत नसे, आणि एका संचातील मजकूर दुसऱ्या संचात निरर्थक होई. परंतु ओळ मोजण्याच्या बाबतीत तिने मराठी कार्यक्रमलेखकाला कधी फसविले नाही. दाखल्यावर नाव चौकटीत बसेल की नाही, रकाना किती रुंद ठेवावा, ओळ कोठे मोडावी, ही सर्व कामे इंग्रजीप्रमाणेच होत. युनिकोडने मजकुराला अर्थ दिला आणि त्याच क्षणी त्याची रुंदी काढण्याची ही सोपी रीत काढून घेतली. हा सौदा त्या काळी कोणी स्पष्ट शब्दांत मांडल्याचे क्वचितच आढळते. मराठीतून कार्यक्रम लिहिणाऱ्यांना तो प्रत्यक्ष कामात कळला.

तो कसा कळला हे पाहण्यासारखे आहे. १९९५ च्या चौथ्या आवृत्तीपासून बत्तीस अंकी व्हिज्युअल बेसिक आपल्या अक्षरमाला आतून युनिकोडमध्येच ठेवी. २३४४, २३६६, २३५८, २३६७ आणि २३२५ हे पाच क्रमांक एकत्र केले की स्मृतीत 'नाशिक' हा शब्द अचूक उभा राही आणि 'लेन' पाच हे उत्तर देई. परंतु भाषेच्या स्वतःच्या खिडक्या व क्रिया मजकूर बाहेर पाठविताना त्याचे जुन्या एकअष्टकी संकेतनात रूपांतर करीत. विंडोजमध्ये देवनागरीला असे चालू संकेतन दिलेलेच नव्हते. ज्या चिन्हाला जागा नाही त्याऐवजी प्रश्नचिन्ह घालावे असा नियम. म्हणून 'टेक्स्टविड्थ'ला 'नाशिक' दिले असता ती पाच प्रश्नचिन्हांची रुंदी परत करी. उत्तर संख्या असल्यामुळे, आणि ती संख्या अगदीच अविश्वसनीय नसल्यामुळे, चूक दिसत नसे.

यावरील उपाय भाषेच्या बाहेर होता. विंडोजच्या आपल्या क्रियांची युनिकोड रूपे कार्यक्रमात घोषित करावयाची आणि मजकूर न पाठविता मजकुराचा स्मृतीतील पत्ता पाठवावयाचा, कारण मजकूर पाठविला की वाटेत पुन्हा प्रश्नचिन्हे होत. विंडोज २००० बरोबर युनिस्क्राइब हा लिपिरचनेचा भाग आला आणि त्याच्या जोडीस मंगल हा देवनागरी फाँट आला. मंगलचे रेखाटन र. कृ. जोशी यांचे. मुंबईच्या आय.आय.टी.त सुलेखन शिकविणाऱ्या आणि नंतर जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात काम करणाऱ्या या मराठी अक्षरकाराच्या हातून देवनागरी जगभरच्या संगणकांत पोहोचली, ही गोष्ट मुद्रणेतिहासात जावजी दादाजींच्या कार्याशेजारी ठेवण्याजोगी आहे. युनिस्क्राइब उच्चारक्रमाने आलेली चिन्हे घेतो, त्यांचे अक्षरगट पाडतो, वेलांटी व्यंजनाआधी नेतो, रफार गटाच्या शेवटी चढवितो, फाँटमधील कोष्टकांवरून जोडरूपे निवडतो, आणि मगच रुंदी ठरते. लखनौच्या परिषदेने जे लिपीकडून करवून घेऊ पाहिले ते अखेर यंत्राने केले.

याचा परिणाम असा, की रुंदी ही चिन्हांच्या रुंदींची बेरीज राहिली नाही. 'त्र' यात तीन चिन्हे आहेत, पण त्याची रुंदी एकट्या 'त'इतकीच आसपास असते. 'स्त्री' यात सहा चिन्हे आहेत. यूटीएफ-८ या रूपात ती अठरा अष्टके होतात. कानाला ते एकच अक्षर आहे. बी.बी.सी. बेसिकच्या विंडोजवरील आवृत्तीत यूटीएफ-८ मजकूर वापरला असता 'लेन' अष्टके मोजते, म्हणून 'नाशिक'ची लांबी तेथे पंधरा येते. व्हिज्युअल बेसिकमध्ये पाच, मराठी माणसाच्या मते तीन. यांपैकी कोणत्याही संख्येला कशानेही गुणून पिक्सेल मिळत नाहीत. मजकूर अखंड द्यावा आणि त्याची रचना होऊ देऊन एकदाच मापावे, एवढीच रीत उरते. तुकडे मापून मिळविल्यास दुहेरी चूक होते : जोडरूपे हरवतात, आणि प्रत्येक तुकड्याची रुंदी पूर्ण पिक्सेलांत बदलताना आलेला अल्प फरक साठत जातो.

ओळ मोडण्याच्या कामात आणखी एक अडचण येते. रोमन मजकुरात अक्षर वाढविले की ओळ लांब होते, निदान आखूड होत नाही. म्हणून कार्यक्रम मधून मधून मापीत योग्य जागा शोधू शकतो. देवनागरीत हे गृहीत टिकत नाही. 'ग' आणि हलन्त एवढेच दिले तर पाय मोडलेला पूर्ण 'ग' उमटतो; त्यापुढे शून्य रुंदीचा सांधक हे चिन्ह जोडले की 'ग'चा दंड जातो, अर्धे रूप येते, आणि ओळ आखूड होते. ज्या चिन्हाच्या नावातच शून्य रुंदी आहे त्याने दुसऱ्याची रुंदी बदलावी, हे तर्काला विचित्र वाटते. पण जुळाऱ्याला ते वाटले नसते. त्याच्या दृष्टीने तो केवळ दुसरा खिळा आहे.

मराठीपुरता या प्रश्नाचा सर्वांत सूक्ष्म नमुना 'दर्या' आणि 'दऱ्या' या जोडीत सापडतो. पहिला शब्द समुद्राचा, दुसरा डोंगरांमधील खोलगट जागांचा. हिंदी लेखनात या भेदाची गरज भासत नाही. मराठीत तो अर्थभेदक आहे. युनिकोडमध्ये दोन्ही शब्द पाच पाच चिन्हांचे आहेत आणि फरक दुसऱ्या चिन्हात आहे : एकात साधा 'र', दुसऱ्यात नुक्त्याचा 'ऱ'. पहिल्यात 'र' रफार होऊन 'या'च्या डोक्यावर जातो व त्याची रुंदी नाहीशी होते. दुसऱ्यात तो आडव्या कोयत्यासारखे अर्धे रूप घेतो आणि ओळीत स्वतःची जागा मागतो. आणखी असे, की 'ऱ' एका क्रमांकाने लिहिता येतो किंवा 'र' व नुक्ता अशा दोन क्रमांकांनीही. मानकाप्रमाणे ही दोन्ही लेखने तुल्य आहेत. म्हणजे 'दऱ्या'ची 'लेन' कधी पाच तर कधी सहा येईल, रुंदी मात्र एकच असली पाहिजे. 'दर्या'ची 'लेन' नेहमी पाच आणि रुंदी कमी. संख्येचा आणि मापाचा संबंध येथे दोन्ही बाजूंनी तुटतो. ज्या फाँटमध्ये हे मराठी रूप घडविलेलेच नसेल तेथे नुक्ता व हलन्त दाखविणारे तिसरेच काही उमटते आणि मापही त्याप्रमाणे येते.

'ॲ' या अक्षराचा इतिहास याहून थोडका, पण याच जातीचा आहे. इंग्रजी शब्दांतील हा स्वर मराठीत 'अ'वर चंद्र देऊन लिहितात. हिंदीत 'ऍ' असे रूप चालते. युनिकोडच्या आरंभीच्या मांडणीत दुसरे होते, पहिले नव्हते. मराठी लेखक 'अ' आणि चंद्र अशी दोन चिन्हे जोडून काम चालवीत. मराठीसाठी 'ॲ'ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ च्या ५.१ या आवृत्तीत, आणि महाराष्ट्र शासनाने प्रमाण देवनागरी वर्णमाला ठरविणारा निर्णय काढला तो ६ नोव्हेंबर २००९ रोजी. तोवर पुष्कळ मजकूर दोन चिन्हांनी लिहून झाला होता. त्या जुन्या जोडीला आज काही रचनायंत्रे अयोग्य मानतात आणि 'अ' व चंद्र यांच्यामध्ये एक तुटक वर्तुळ उमटवितात. त्या वर्तुळाला रुंदी असते व ती ओळीच्या मापात मिळविली जाते. उलट, ज्या संगणकावर २००८ पूर्वीचाच फाँट राहिला आहे तेथे नव्या क्रमांकाने लिहिलेल्या 'ॲ'च्या जागी रिकामी चौकट उमटते, आणि कार्यक्रमातील माप घेणारी क्रिया त्या चौकटीचीच रुंदी पिक्सेलांत मोजून परत करते.